मामाच्या पिशवीतला डबा

कडुबा मामाचा जीव गेला तो बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, सोयगावच्या वरच्या डोंगरात, ओढ्याच्या वाटेवर, अस्वलाच्या हल्ल्यात. त्याचं नाव गेलं ते त्याच दिवशी दुपारी चार वाजता, झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लिहिलेल्या पंचनाम्यात. या दोन वेळा मी वेगळ्या लिहिते आहे, कारण लोक त्यांना एकच समजतात. पहिलं अस्वलानं केलं. दुसरं माणसांनी केलं, आणि त्या माणसांत एक मीही आहे.

त्या सकाळी आम्ही सहाजण डोंगराच्या दुसऱ्या अंगानं उतरून फर्दापूरच्या थांब्यावर आलो होतो. पाठीवरची ओझी टपरीच्या बाकड्याला टेकवून चहा पीत होतो. दोन दिवस डोंगर चालून आलेली माणसं असतात तशीच आम्ही, मळकी आणि स्वतःवर खूश. मामाचा पुतण्या संतोष याचा फोन आला. म्हणाला, "ताई, काकाला अस्वलानं धरलं." मी विचारलं, "दवाखान्यात नेलं का?" तो म्हणाला, "नेऊन काय करता, ताई..." डोक्यात पहिला विचार काय आला तेही सांगते, कारण इथं खोटं लिहायचं नाही असं मी ठरवून बसले आहे. पहिला विचार मामाचा नव्हता. डब्याचा होता.

कडुबा मामा माझा सख्खा मामा नव्हे. आईच्या गावचा, म्हणून मामा. आम्ही बजाजनगरात राहतो, वडील वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. मामा गावातच राहिला. बरीच वर्षं तो जंगलखात्याकडे रोजंदारीवर होता. उन्हाळ्यात वणवे विझवायचे, पाणवठे भरायचे, आग पसरू नये म्हणून जाळरेषा साफ करायच्या. ते काम सुटलं तेव्हा पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चालायला येणाऱ्या शहरातल्या पोरापोरींना तो वाट दाखवायला लागला. मुक्काम त्याच्याच पडीक वावरात, रानाच्या कडेला. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कॉलेजातली दहा-अकरा जणं घेऊन गेले तेव्हा माझ्या पिशवीत दोनशे पत्रकं होती. जंगलात कचरा टाकू नका, वन्यप्राण्यांचा हक्क, वगैरे. मजकूर माझाच. मामानं एक पत्रक घेतलं, ओठ हलवत सावकाश वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "झ्याक लिव्हलंय. आता पिशवी उलटी कर."

"कामून?"

"बघू दे ना, अस्वलाला काय काय आणलंय ते."

पिशवीतून चिक्की निघाली, बिस्किटं, शेंगदाण्याची चटणी, अर्धा पेरू. तो सगळं एका बाजूला सारत गेला. मग त्यानं टूथपेस्ट उचलली, साबण उचलला, खोबरेल तेलाची बाटली उचलली. मी म्हणाले, "मामा, हे काय खायचं असतं का?" तो म्हणाला, "तू नाय खात. पर त्याला कोण सांगावं? त्याच्यापत्तोर तुझा कागद पोचला नाय अजून." सगळे हसले, माझा चेहरा पडला. एका मैत्रिणीनं तंबूत उशीखाली लसणाच्या शेवेची पुडी लपवली होती. मामा तंबूच्या बाहेर उभा राहिला, नाक जरासं वर केलं आणि शांतपणे म्हणाला, "शेव कुणाचीय ती द्या बरं. माझ्या नाकाला कळतंय तर त्याच्या नाकाला तुमच्या आजीची शेव बी कळंल."

हे सगळं ज्यात जायचं तो निळा ड्रम. वडिलांनी कारखान्याच्या भंगारातून आणून दिलेला, हातभर उंचीचा, झाकणाभोवती लोखंडी कडी आणि कडीला खटका. मामानं तो चुन्यानं आणि राखेनं इतका धुतला होता की त्याला कसलाच वास उरला नव्हता. त्या ड्रमाला तो साहेब म्हणायचा. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, भांडी राखेनं घासून धुण्याचं पाणी खड्ड्यात ओतून वर माती लोटायची, मग त्याची हाक यायची, "चला, साहेबांना वर बसवा." वावराच्या खालच्या अंगाला दोन अंजनाची झाडं होती, एकमेकांपासून वीसेक पावलांवर. मामा गोफणीत दगड घालायचा, दगडाला बारीक सुतळी बांधलेली, आणि एका झटक्यात सुतळी नेमकी हव्या त्या फांदीवरून पलीकडे टाकायचा. सुतळीमागून दोर. दुसऱ्या झाडावरही तसंच. मग ड्रम दोन्ही झाडांच्या बरोबर मध्ये, दोन पुरुष उंचीवर लोंबायचा. एकदा मी विचारलं, सरळ एका फांदीलाच का नाही टांगत. म्हणाला, "अगं, त्ये झाडावर चढतंय. मधाची पोळी काढतंय त्ये. खोडाजवळ टांगलं म्हंजी ताट वाढून ठेवल्यावानी. मधी टांगायचं, हात पुरला नाय पायजे." चूल ड्रमापासून लांब, झोपायची जागा चुलीपासून शंभर पावलं वर, वाऱ्याच्या उलट बाजूला. ज्या कपड्यांत भाकरी थापली त्या कपड्यांत झोपायचं नाही. आम्हाला हे सगळं सोवळ्यासारखं वाटायचं, आणि सोवळ्याची चीड तर आमच्या रक्तातच. मी तसं म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, "सोवळं माणसानं माणसाला लांब ठिवायला काढलं. हे त्याला जगवायला हाय. त्याला आपल्या ताटाची चव लागू द्यायची नाय. एकदा लागली का त्ये टेंभुर्णी सोडतंय, वारुळातली उधई सोडतंय, घराकडं येतंय. मंग कुणी तरी मरतंय. एक तर माणूस, नाय तर त्ये."

हे वाक्य मी नंतर तीन पत्रकांत वापरलं. खाली त्याचं नाव टाकलं नाही. तेही आता आठवतं...

दोन वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या पठारावर तंबूवाले आले. पांढरे तंबू, दिव्यांच्या माळा, शनिवार-रविवारी शहरातून गाड्या. मला त्यांच्या दिव्यांशी भांडायचं नाही. भांडण आहे ते ओढ्यातल्या खडकाशी. सकाळी उजाडता उजाडता त्यांचा माणूस आदल्या रात्रीच्या खरकट्याच्या बादल्या त्या खडकामागे उपडी करायचा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिथं अस्वल येतं, आणि कुणाच्या तरी असंही लक्षात आलं की अस्वल बघायला लोक येतात. तेव्हापासून रोज संध्याकाळी खडकावर मुद्दाम गुळाच्या ढेपेचे तुकडे आणि टरबुजाच्या फोडी मांडल्या जायला लागल्या. पाहुणे वर कठड्याला उभे, हातात मोबाईल. मामा दोनदा त्यांच्या व्यवस्थापकाकडे गेला. दुसऱ्यांदा मी सोबत होते. व्यवस्थापक सभ्य माणूस, आम्हाला खुर्च्या दिल्या, सरबत मागवलं. म्हणाला, "काका, गेस्ट खूश होतात. अस्वलाचंपण पोट भरतं. प्रॉब्लेम काय आहे?"

मामा म्हणाला, "साहेब, ही ओढ्याची वाट आमच्या गावाला जाती. तुम्ही त्याला शिकवायलेत का माणसाचं पाऊल वाजलं म्हंजी गोड आलं."

"काका, तुमची पोरं येतात ट्रेकला, तीपण खातातच ना?"

"खात्यात. पर माझा साहेब वर टांगलेला असतो," मामा म्हणाला, "तुमच्यावानी खुर्चीत नसतो." आणि सरबत न पिता उठला.

मी जंगलखात्याकडे अर्ज केला. एक नाही, तीन. प्रत्येकाची पोच माझ्याकडे आहे, शिक्क्यासह. मामाला पोच दाखवली की तो शिक्क्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "शाई पक्की हाय." एवढंच. त्यानं स्वतःपुरता उपाय केला होता. वावरातून गावाला दोन वाटा. ओढ्याची जवळची, डोंगराच्या धारेवरची लांबची. तंबू आल्यापासून तो सकाळी ओढ्यानं जात नसे. ऊन चांगलं वर आल्यावर, धारेवरून, काठी आपटत, खाकरत जायचा. खायचं काही न्यायचं असलं तर ड्रमसकट न्यायचा, खटका लावून, डोक्यावर. आम्ही हसायचो. नवरीचं रुखवत निघालं म्हणायचो.

आता बुद्ध पौर्णिमा. आमच्या घरी त्या दिवशी खीर होते आणि ती गल्लीत वाटली जाते. ती टाकायची नाही आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, या दोन गोष्टी मला बोलता येण्याआधीपासून ठाऊक आहेत. यंदा मी म्हटलं, पौर्णिमा मामाच्या वावरात करू. तांदूळ, साखर, दुधाची पावडर, आणि आईचा कडीचा स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. दुपार कलल्यावर अंजनाखाली वंदना झाली, त्रिशरण झालं, खीर झाली. मामानं दोनदा घेतली. खाली पठारावरून हसण्याचे आवाज येत होते. वावरातून तो खडक दिसतो. ऊन अजून होतं. अस्वल आलं, गूळ खात बसलं, आणि वरच्या कठड्याला वीसेक माणसं हात लांब करून मोबाईल धरून उभी होती. अगदी शेजारीशेजारी, वरातीत उभी राहतात तशी. मामा वाटी हातात धरून बघत राहिला. म्हणाला, "केस बघ कसं झडलंय त्याचं. गुळानं झालंय." एवढंच म्हणाला. मग उरलेली खीर डब्यात, डबा ड्रमात, ड्रम वर.

सकाळी सहाला त्यानं ड्रम उतरवला, ज्याचं त्याला दिलं. डबा उरला. तो मामीसाठी होता, ते कालच ठरलं होतं. मामा म्हणाला, "असू दे ड्रमात. ऊन वर आलं का नेतो." आणि मी... मी म्हणाले, "मामा, उन्हात आंबेल ती. वैशाखाचं ऊन आहे. मामी काय आंबलेली खीर खाईल पौर्णिमेची? ओढ्यानं गेलास तर अर्ध्या तासात घरी." तो थांबला. ड्रमाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पुढे म्हणाले, "एका डब्यासाठी एवढा मोठा ड्रम डोक्यावर घेऊन जाणार का?" मी हसत म्हणाले. तोही हसला. "तू पत्रक काढशील नाय तर माझ्या नावानं," म्हणाला. डबा फडक्यात बांधला, खांद्याच्या पिशवीत ठेवला, रिकामा ड्रम पुन्हा वर चढवला आणि ओढ्याच्या बाजूला उतरला. ज्या माणसानं चार वर्षं माझ्या खिशातली बडीशेप काढून घेतली, त्याला गोड अन्न खांद्याला लावून, बादल्या उपड्या व्हायच्या वेळेला, त्या वाटेनं मी धाडलं.

दुपारी मी तिथं पोचले तेव्हा पंचनामा चालू होता. तंबूवाल्यांचा खडक तिथून शंभर पावलांवर होता आणि सकाळीच पाण्यानं धुतला होता, एवढा स्वच्छ खडक मी त्या ओढ्यात कधी पाहिला नव्हता. लिहिणाऱ्यानं मोठ्यानं वाचलं : मयत इसमाने जवळ उघडे खाद्यपदार्थ बाळगल्याने व योग्य ती खबरदारी न घेतल्याने सदर घटना घडली. मग त्यानं चेमटलेला डबा उचलला, झाकणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे सुमन कोण?" गर्दीत पन्नास माणसं असतील. मी तिसऱ्या रांगेत होते. आईचं नाव ऐकून मी खाली बघितलं. माझ्या बुटावर चिखल होता, तो मी बघत राहिले. सभेत माईक नसताना शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलणारी मी, एक शब्द बोलले नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. चौथ्या दिवशी मी पत्रक छापलं. 'कडुबा मामाचा मारेकरी कोण?' त्यात तंबू होते, खडक होता, गूळ होता, तीन अर्ज होते, सगळं खरं. आणि एक वाक्य होतं : डबा मयताचा नव्हता, तो नंतर कोणीतरी पिशवीत ठेवला. पहिला अर्धा भाग खरा, दुसरा खोटा, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक स्वल्पविराम. लोकांनी ते वाक्य उचललं. गावात, बसमध्ये, सोयगावच्या बाजारात. मला वाटलं, चला, मामाचं नाव धुऊन निघालं. आता कळतं की मी माझंच धूत होते.

मामाच्या जलदान विधीच्या दिवशी गयामामीनं मला आत बोलावलं. चुलीशेजारच्या फळीवरून तिनं आईचा डबा काढला. पंचनामा झाल्यावर पिशवी घरच्यांना दिली होती, तिच्यातच तो आला होता. एका बाजूला पंजाचे तीन ओरखडे, झाकण वाकडं, कडी निखळलेली. कडी तिनं तारेनं बांधली होती. उघडून बघितलं तर आत मूठभर ज्वारी.

"रिकामा कसा देऊ," मामी म्हणाली. "तुझ्या आईचा हाय."

मी विचारलं, "मामी, तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिशी. नाव वाचता येतंय मला तेवढं." ती माझ्याकडे बघत नव्हती, ज्वारी सारखी करत होती. "डबा तू दिला, त्यो घिऊन निघाला. त्याचं काय एवढं. माझ्यासाठीच आणत होता. पर तू कागदात लिव्हलं, कुणीतरी ठिवला म्हणून. त्यो खोटं बोलत नव्हता, माय. त्याच्या नावानं तरी बोलू नको." झाकण बसवत म्हणाली, "लोक म्हणत्यात कडुबा सगळ्यास्नी अस्वलाचं शिकवायचा नि स्वतःच चुकला. हे मला सोसत नाय. त्यो चुकला नाय. त्यानं तुझं ऐकलं."

त्यानंतर मी जंगलखात्याच्या कार्यालयात गेले. म्हटलं, डबा माझा, जबाब लिहून घ्या, पण ओढ्यातला खडकही लिहा. तिथल्या माणसानं माझंच पत्रक ड्रॉवरमधून काढून समोर ठेवलं. "मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना, डबा नंतर ठेवला? आता म्हणता तुमचा. उद्या काय म्हणाल?" तो उर्मट नव्हता. त्याचं बरोबर होतं. तरी डब्याचा जबाब त्यानं लिहून घेतला, मी सही केली. मग गुळाचा पुरावा विचारला. अर्जांच्या पोचा दाखवल्या. म्हणाला, "हे तुम्ही तक्रार केल्याचे पुरावे आहेत, गूळ ठेवल्याचे नाहीत." तंबूवाले म्हणतात, आम्ही कधी काही ठेवलंच नाही. आणि वर मागणी त्यांचीच, की अस्वल पकडून दुसरीकडे न्या. मामा म्हणायचा, एक तर माणूस, नाय तर त्ये. माणूस गेला, आता त्याची पाळी. मला रोज सकाळी उठून वाटतं की काहीच होणार नाही. पंचनाम्यातलं ते वाक्य कपाटात जाईल, कपाटाला कुलूप लागेल आणि कडुबा मामा कायमचा निष्काळजी राहील. त्याला निष्काळजी म्हणणं हे... मला शब्द सापडत नाही. शब्दांवरच माझं पोट भरत होतं आजवर.

ड्रम अजून तिथंच आहे. मागच्या आठवड्यात वावरात गेले होते. दोन अंजनांच्या बरोबर मध्ये, दोन पुरुष उंचीवर, वाऱ्यानं जरा फिरतो आणि परत जागेवर येतो. दोराची गाठ खोडाला, हाताशीच आहे, पण ती कुणी सोडलेली नाही. मामीला विचारलं तर म्हणाली, "असू दे वर. त्यानं बसवलाय." खटका नीट लावलेला आहे. त्या सकाळी रिकामा ड्रमसुद्धा तो खटका लावून टांगून गेला, ही त्याची खबरदारी. पंचनामा लिहिणाऱ्यानं मान जरा वर केली असती तर दिसली असती. खाली बघितलं तर ओढा दिसतो. खडकावर टरबुजाची ताजी साल पडलेली होती.

आता तुम्हाला सांगते. तुम्ही, जे पौर्णिमेच्या संध्याकाळी त्या कठड्याला उभे होतात. तुम्ही या शहरातलेच आहात, गाड्यांवरून कळत होतं, कदाचित आज रविवारची पुरवणी चहासोबत वाचताय. अस्वल गूळ खातानाचा व्हिडिओ तुमच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात खडक आहे, ढेपेचे तुकडे आहेत, तंबूंच्या दिव्यांची माळ आहे, आणि त्यावर दिवस नि वेळही आहे. दुसऱ्या दिवशी बातमी कळल्यावर तुमच्यातल्या काहींनी तो पुसला असेल, ते मी समजू शकते, मीही त्या दिवशी बुटाकडे बघत होते. पण विसाच्या वीस जणांनी पुसला नसेल. मी माझा डबा कबूल केला आहे, सहीनिशी, आणि माझ्या पत्रकातलं ते वाक्य खोटं होतं हेही. तेवढ्यानं मामा सुटत नाही. तुमचा गूळ तुम्हाला कबूल करावा लागेल. उद्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी जंगलखात्याच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर असेन, शेजारी मामी असेल, तिच्या मांडीवर तो डबा असेल. मोबाईल घेऊन या. रिकाम्या हातानं येऊ नका.